अठ्ठाविसाव्या ओळीचा शेरा

नकाशे ठेवायची खोली रिकामी करून तिथे संगणक बसवले, त्याला सहा वर्षं झाली होती. भिंतीवरचे खिळे मात्र अजून तसेच होते. चार संगणक, त्यांतले दोन चालणारे, आणि एक पंखा, जो दर चौथ्या फेरीला कुरकुरायचा. पश्चिमेच्या खिडकीवर निळं कापड ठोकलेलं होतं, त्यामुळे दुपारी तीननंतर खोलीत पाण्याखाली असल्यासारखा उजेड पडायचा. हात निळे, कागद निळे. वर्गांतला गलकासुद्धा तिथे पोचेपर्यंत बुडून, लांबचा होऊन यायचा.

चौथीच्या बाई गेले आठ दिवस त्या उजेडात बसत होत्या. मुलं घरी गेली की यायचं, उजवीकडे जुनी नोंदवही उघडायची, आणि त्यातलं एकेक पोर उचलून पडद्यावरच्या ओळीत टाकायचं. मोठ्या सरांचा हुकूम होता: या वर्षीपासून हातानं लिहिलेलं काही चालणार नाही. प्रत्येक वर्गाची एक फाईल. त्या फाईलमधून एका फटक्यात सगळी प्रगतिपुस्तकं छापून निघणार.

फाईलचा साचा कारकुनानं करून दिला होता. त्याला सगळी शाळा एंटरराव म्हणायची, कारण तो बाकीच्या कळा बोटानं दाबायचा आणि एंटर मात्र तळहातानं हाणायचा.

"एक ओळ म्हणजे एक पोरगं," त्यानं पहिल्या दिवशी शिकवलं होतं. "हा नंबर, हे नाव, ही हजेरी, हे गुण. आणि हा शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेऱ्याला तीस अक्षरं. एकतिसावं दाबाल तर उमटणारच नाही."

"तीस अक्षरांत पोरगं कसं बसवू?"

"बसतं हो बाई. दाबून भरलं की सगळं बसतं. आणि करतो, करते असलं लिहू नका, मुलगा-मुलगी घोळ होतो. 'अक्षर सुंदर', 'गणित कच्चे', असं. पुढचं ज्याचं त्याला कळतं."

जुन्या वहीत बाई एकेका मुलाला अर्धं पान देत. कुणाला काय आवडतं, कोण कशानं घाबरतं, कुणाच्या घरी काय चाललंय. खरं सांगायचं तर अर्ध्या पानातही मूल मावत नव्हतंच. फक्त खोटं जरा कमी व्हायचं. आता तीस अक्षरं. माणसाला दारात मापून आत घ्यायची शाळेची खोड जुनीच आहे. संगणकानं तिला फक्त पट्टी दिली.

तर बाईंनी मापलं. बाराव्या ओळीत 'डावखुरेपणा. अक्षर खराब.' एकोणिसाव्यात 'चित्रकला उत्तम.' अठ्ठाविसाव्या ओळीशी आल्यावर त्यांना हसू आलं. त्या नंबराला सगळे पोपट म्हणत. त्याची आई बसमध्ये कंडक्टर होती आणि आवाज आईकडून आलेला. तास संपला की तो बाकावरून ओरडायचा, "पुढचा थांबा भूगोल! उतरणारे पुढे व्हा!" बाई रागावायच्या, मग फळ्याकडे तोंड करून हसायच्या. त्याला त्यांनी लिहिलं: 'उच्चार स्पष्ट, बोलणे धीट.'

पाचव्या ओळीशी मात्र त्या अडल्या होत्या. पाचव्या ओळीत त्यांची स्वतःची लेक होती.

शाळेला चौथीची तुकडी एकच, त्यामुळे इलाज नव्हता. माऊ बोलताना अडखळायची. थोडीथोडकी नाही. स्वतःचं नाव सांगायला तिला एवढा वेळ लागायचा की समोरचा माणूस मध्येच दुसरीकडे बघायला लागे. दुकानात ती बोटानं दाखवायची. वर्गात वाचनाची पाळी पाचव्या नंबरावर आली की बाई सहज केल्यासारखं सहाव्याला उठवत, आणि माऊ पुस्तकात मान घालायची. मायलेकींमधला हा न बोललेला करार होता. त्यात प्रेम किती आणि लाज किती, हे बाईंनी कधी मोजलं नव्हतं. पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत जायचं, तर तिथे तोंडी मुलाखत होती. तिथे सहाव्याला उठवणारं कुणी नव्हतं.

लेकीला सवलत दिली असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणू नये, म्हणून बाईंनी दात आवळून लिहिलं: 'बोलताना तोतरेपणा.' आणि पटकन सहावी ओळ घेतली.

मंगळवारी मोठ्या सरांनी फाईल बघितली आणि बाईंना बोलावलं.

"नऊ मुलांना 'प्रगती समाधानकारक'? नऊ? पालक काय म्हणतील? प्रत्येकाचा शेरा वेगळा पाहिजे. प्रत्येक मूल वेगळं असतं बाई."

हे त्यांनी भिंतीवरच्या फलकाकडे बघत म्हटलं, कारण ते तिथे लिहिलेलं होतं.

बाई निळ्या खोलीत आल्या. सारखे शेरे शोधायला एंटररावानं युक्ती सांगितलेली होती: रकाना निवडायचा, अक्षरांच्या क्रमानं लावायचा, सारखे शेरे आपोआप एकाखाली एक येतात. बाईंनी शेऱ्याचा रकाना निवडला. कळ दाबली. पडद्यावर एक छोटी खिडकी आली आणि तिनं काहीतरी विचारलं. शेजारचे रकाने बरोबर हलवू, की एवढाच हलवू? डोळे चुरचुरत होते. पंखा कुरकुरला. बाईंनी न वाचताच 'एवढाच' दाबलं.

रकाना क्षणभर थरथरल्यासारखा झाला आणि शांत झाला. नऊ समाधानकारक एकत्र आले. बाईंनी एकाला 'प्रगती ठीक' केलं, एकाला 'प्रगती बरी', एकाला 'प्रगती अपेक्षेप्रमाणे'. कुठला शेरा कुणाच्या नावापुढे पडतोय हे त्यांनी पाहिलं नाही. पाहण्यासारखं त्यात होतं काय? फाईल सेव्ह केली, खोलीला कुलूप लावलं, आणि घरी गेल्या.

बुधवारी सकाळी हवा अशी होती की आवाज पुढे सरकतच नव्हते. घंटा झाली, तीसुद्धा कापसात गुंडाळल्यासारखी. बाईंनी शुद्धलेखन घातलं आणि बाकांमधून फिरू लागल्या. बाराव्या नंबराशी त्या थांबल्या. तो उजव्या हातानं लिहीत होता. सुबक, गोल.

"काय रे, हात बदललास?"

त्यानं दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "हाच तर आहे बाई."

एकोणिसाव्या बाकावरची मुलगी, जी गणिताच्या वहीतही समासात मोर काढायची, ती पेन्सिल काडीसारखी धरून बसली होती. आणि मागच्या बाकावरच्या वांड पोरानं वहीच्या पुठ्ठ्यावर एक बगळा काढला होता. असा, की बाईंना वाटलं आपण खोकलो तर तो उडेल.

रात्री झोप नीट झाली नसेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. मुलं बदलतात. एका दिवसात बदलत नाहीत, पण बदलतात.

मग वाचन. धडा दीपगृहावरच्या म्हाताऱ्याचा. एक, दोन, तीन, चार झाले. बाई सवयीनं म्हणाल्या, "हं, सहा."

सहावा नंबर उठलाच नाही. पाचवा उठला.

माऊनं पुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि वाचायला लागली. "म्हातारा रोज संध्याकाळी शंभर पायऱ्या चढून जाई." एकही शब्द अडला नाही. पायऱ्या, वारा, काचेवर आपटणारे पक्षी, सगळं तिच्या तोंडून धुतल्यासारखं बाहेर पडत होतं. बाईंनी टेबलाची कड धरली. वर्गात कुणी चमकलं नाही, कुणी कुणाला कोपर मारलं नाही. एक पोर जांभई देत होतं. परिच्छेद संपला, माऊ बसली, आणि शेजारणीच्या कानात काहीतरी सांगून खुदकन हसली.

बाईंना रडायचं होतं. वर्गात रडता येत नाही म्हणून त्या म्हणाल्या, "पुढे."

पुढे सरकत सरकत पाळी अठ्ठाविसाव्याकडे आली. पोपट उठला. पुस्तक धरलं. "म... म... म्हा..." त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली. डोळे गच्च मिटले, मान डावीकडे गेली. ती मान बाईंना पाठ होती. ती त्यांच्या घरातली होती.

बाईंनी पट्टी टेबलावर आपटली. "नक्कल करतोस? लाज वाटत नाही? कुणाची नक्कल करतोस?"

पोपटानं डोळे उघडले. ते भरलेले होते. "मी न... न..."

"बाई," पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "तो तसाच बोलतो ना. पहिल्यापासून."

"मग त्याला पोपट का म्हणता तुम्ही?"

मग मागून कुणीतरी ओशाळून म्हणालं, "चिडवायला, बाई."

घरी माऊ बोलत होती. जेवताना बोलली, हात धुताना बोलली, चप्पल कुणी हलवली यावर बोलली. फोन आपण होऊन उचलून मावशीशी वीस मिनिटं बोलली.

"ऐकतोयस ना?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"न ऐकून सांगतो कुणाला? कान आहेत ते सोलून काढले तिनं."

"अरे, ती अडखळत नाहीये."

"कशाला?" तो वर्तमानपत्रातून वर बघत म्हणाला.

"कशाला म्हणजे? चार वर्षं आपण तिला दर गुरुवारी..."

"दर गुरुवारी काय? तुझं आपलं काहीतरी. शाळेचं डोकं घरी आणू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं."

गुरुवारी सकाळी वेणी घालताना माऊ आरशातून म्हणाली, "आई, मला स्वप्नात कुणीतरी एकेक शब्द हातात देतं. गरम असतात. आत्ताच कुणाच्या तोंडातून काढल्यासारखे."

"कोण देतं?"

"दिसत नाही. मी घेते फक्त."

बाईंचा हात वेणीत थांबला. मग त्यांनी रिबीन बांधली, जरा जास्तच घट्ट.

मधल्या सुट्टीत त्यांनी वाचा सुधारणाऱ्या ताईंना फोन लावला. नंबर फोनमध्ये होता. चार वर्षं दर गुरुवारी पाच वाजता त्या दवाखान्याच्या हिरव्या बाकावर बाई बसल्या होत्या. आत माऊ 'म म म' करायची.

"पाच वाजता?" ताई म्हणाल्या. "नाही हो, ती वेळ मोकळी नाही. चार वर्षं एक मुलगा येतो त्या वेळेला. आई कंडक्टर आहे त्याची, ड्यूटी बदलून आणते बिचारी. तुम्ही कोण म्हणालात?"

बाईंनी फोन ठेवला आणि निळ्या खोलीत गेल्या. दुपार अजून तिथे पोचली नव्हती, उजेड नुसताच करडा होता. फाईल उघडली. पहिल्यांदाच त्यांनी नाव आणि शेरा एका नजरेत वाचला. पाचवी ओळ, माऊ: उच्चार स्पष्ट, बोलणे धीट. अठ्ठाविसावी ओळ: बोलताना तोतरेपणा. नावं होती तिथेच होती. शेरे सगळे अक्षरांच्या क्रमानं, शिस्तीत, एकाखाली एक. पहिल्या ओळीत 'अक्षर सुंदर', शेवटच्या ओळीत 'हजेरी कमी'. ज्या पोराच्या पुढे जे येऊन पडलं, ते त्याचं.

एंटरराव मागून डोकावला. "अरेरे. रकाना एकटाच फिरवलात होय? सगळे करतात बाई हे. पहिल्या वर्षी मी तिसरीच्या अख्ख्या वर्गाचे वाढदिवस फिरवले होते."

"मग काय झालं?" बाईंनी झटकन मान वळवली.

"काय व्हायचंय? झाले त्या त्या दिवशी." तो खांदे उडवून म्हणाला. "जुनी वही आहे ना? बघून बघून परत टाका, तासाभराचं काम. मी पाचला फाईलला कुलूप घालतो. उद्या सकाळी छपाई, दुपारी निकाल. कुलूप पडलं की मग मोठे सर आले तरी अक्षर हलत नाही."

तो गेला. पंखा चौथ्या फेरीला कुरकुरला.

शाळा सुटल्यावर बाईंनी वही उघडली. एक नंबर, परत. दोन, परत. डावखुऱ्याला त्याचा डावा हात दिला. एकोणिसावीला तिची चित्रं दिली. नऊ समाधानकारक आता नऊ वेगवेगळ्या शब्दांत आपापल्या घरी पोचले. हळूहळू खोली निळी होत गेली. बाहेर कुठेतरी मुलं खेळत होती, आणि त्यांच्या ओरडण्यातला एक आवाज माऊचा होता. वर्षानुवर्षं मैदानाच्या कडेला उभी राहणारी त्यांची पोर "आऊट! आऊट!" म्हणून किंचाळत होती. बाई कान देऊन ऐकत राहिल्या. चार वर्षं ज्या आवाजासाठी त्यांनी काय काय केलं होतं, तो आता भिंतीपलीकडे फुकट उधळत होता.

साडेचार वाजले. एकेचाळीस ओळी झाल्या. दोन उरल्या.

वहीत पाचव्या नंबराच्या अर्ध्या पानावर त्यांचंच अक्षर होतं. अठ्ठाविसाव्याच्याही. दोन्ही पानं खरी होती. दोन वेळा टाईप करायचं, की काम संपलं. उद्या सकाळी माऊ उठेल, आणि तिची मान डावीकडे जाईल.

बाईंनी पाचव्या ओळीला हात लावला नाही.

हे लिहायला वाईट वाटतं, पण लिहायलाच हवं: त्या फार वेळ विचार करत बसल्या नाहीत. लेकीचं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलेलं होतं, बहुतेक आवाज भिंतीपलीकडून आला तेव्हाच. प्रश्न फक्त पोपटाचा होता.

त्यांनी अठ्ठाविसाव्या चौकटीतला 'तोतरेपणा' पुसला. तेवढं तरी त्याच्यावर राहू द्यायचं नव्हतं. मग काय लिहायचं? माऊचाच शेरा दुसऱ्यांदा टाकून पाहिला, तर चौकट लाल झाली आणि शेरा उडाला. सारखे शेरे अडवायची सोय एंटररावानं कालच करून ठेवली होती. 'बोलणे छान', त्यांनी टाईप केलं आणि बघत राहिल्या. छान म्हणजे? तेवढंच करत बसेल का तो? नुसतंच छान, सगळ्यांशी, आयुष्यभर? पुसलं. 'खोडकर'. पुसलं. प्रत्येक शब्द चौकटीत उमटला की तिथे एक पोरगं उभं राहायचं, आणि ते पोपट नसायचं. पोपटाची टाच, पोपटाचा नखाएवढा तुकडा. कुठल्या एका शब्दात कोंडायचं त्याला? वीस वर्षांत पहिल्यांदा बाईंना शेरा लिहायची भीती वाटली.

आणि मग त्यांना ते सुचलं. काहीच लिहायचं नाही. शब्दच नसला तर पोराला कोण कशाला अडवेल? मोकळं राहील. जसं होतं तसं होईल. हा विचार त्यांना इतका सुंदर वाटला की डोळ्यांत पाणी आलं.

मग पाचवी ओळही मोकळी का नाही सोडली? हे बाईंनी स्वतःला विचारलं नाही. जे त्यांना एवढं सुंदर वाटत होतं, ते करून बघायला त्यांनी दुसऱ्याचं पोरगं घेतलं. एवढी साधी गोष्ट आहे.

अठ्ठाविसावी चौकट पांढरी होती. पाचला एंटरराव आला, त्यानं कुलूप घातलं आणि एंटर तळहातानं हाणली.

शुक्रवारी वर्गात पताका लावलेल्या होत्या. बाराव्या नंबरानं फळ्यावर 'स्वागत' लिहिलं, डाव्या हातानं, वेडंवाकडं. बाईंनी ते बघितलं आणि त्यांचा श्वास मोकळा झाला. माऊ खुर्च्या लावत होती, आणि लावताना प्रत्येक खुर्चीशी बोलत होती.

हजेरी झाली. सत्तावीस, "हजर". एकोणतीस, "हजर". तीस.

चाळिसाव्याला पोचल्यावर बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी बोट मागे नेलं. अठ्ठाविसावं नाव होतं. त्यांनीच गाळलं होतं. डोळा त्यावरून घसरला होता, ओल्या काचेवरून घसरावा तसा.

"अठ्ठावीस?"

"हजर."

तो जागेवर होता. केस विंचरलेले, शर्ट खोचलेला. आवाज स्वच्छ, ना अडखळ, ना काही.

"बरा आहेस ना रे?"

"हो बाई."

"काल संध्याकाळी काय केलंस?"

त्यानं विचार केला. चेहऱ्यावरून विचार गेलेला दिसला, पण तो कुठे थांबला नाही. "हो बाई," तो म्हणाला.

शेजारचा मुलगा त्याच्या बाकावर दप्तर ठेवत होता. त्याच्या मांडीवर. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाई टेबलाशी गेल्या. या पोराला मुलं काहीतरी म्हणायची. एक शब्द होता. तास संपला की तो काहीतरी ओरडायचा, आणि त्या फळ्याकडे तोंड करून... काय करायच्या? रागावायच्या?

त्यांनी जुनी वही उघडली. सत्तावीस. एकोणतीस. मधलं अर्धं पान कोरं होतं. त्यावर बोट फिरवलं तर पेनाचा दाब लागत होता, ओळीमागून ओळ, कुणीतरी जोर देऊन लिहिल्यासारखी. शाई नव्हती.

त्या निळ्या खोलीकडे जवळजवळ धावल्या. कागद छापून बाहेर पडत होते, गरम, एकावर एक.

"उघडा ती फाईल. एक शेरा राहिलाय."

"बाई, काल पाचला सांगितलं ना." एंटररावानं गठ्ठा ठोकून सरळ केला. "आणि फाईल वर गेली पण. बरं, काय लिहायचं होतं? हातानं खरडा की पुस्तकात. कोण बघतंय."

त्यानं अठ्ठाविसावं पुस्तक काढून पुढे ठेवलं आणि पेन दिलं.

बाईंनी पेन उघडलं.

शेऱ्याच्या जागी आखलेली एक ओळ होती. एक हात लांब नाही, वीतभर.

पंखा कुरकुरला. चार फेऱ्या. पुन्हा कुरकुरला.

"काय झालं?"

"आठवत नाहीये," बाई म्हणाल्या.

"मग नसेलच काही," एंटरराव म्हणाला आणि पेन परत घेतलं.

दुपारी पालक आले. पुस्तकं वाटून झाली, सह्या झाल्या, आया एकमेकींचे गुण चोरून बघत होत्या. माऊ दाराशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होती, आणि लोक बाईंना सांगत होते, पोर किती गोड बोलते हो तुमची.

कंडक्टर बाई सगळ्यात शेवटी आल्या, गणवेशातच, खांद्याला पैशांची कातडी पिशवी. एरवी त्या आल्या की वरच्या मजल्यावर कळायचं. आज त्या आवाज न करता बसल्या. त्यांनी पुस्तक उघडलं, सगळी पानं पाहिली, सही केली. मग समोर उभ्या असलेल्या मुलाकडे बघितलं. बसमध्ये एकट्या चढलेल्या लेकराकडे बघावं तसं, मायेनं आणि जरा काळजीनं.

"बाई," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? वेड्यात काढू नका."

"विचारा ना."

"सकाळपासून डोकं फोडतेय. याला डबा दिला, शर्ट घातला, सगळं केलं." त्यांनी ओठांवरून हात फिरवला. "घरी आम्ही याला काय म्हणून हाक मारतो?"

बाईंचं तोंड उघडलं. आत काही नव्हतं.

मुलगा दोघींकडे बघत उभा होता. विनातक्रार.

दाराशी खुर्च्या उचलणारी माऊ मागे वळली आणि म्हणाली, एकेक शब्द स्वच्छ, ठसठशीत, लांबून ऐकू जाईल असा:

"काहीही म्हणा ना, काकू. तो कुठल्याही हाकेला येतो."